कॅमेऱ्याला कान निघाले

मी चौथी नापास, पण तोंड बीए पास. कतारात कंपनीची बस चालवतो. रोज सकाळी कामगारांच्या कॅम्पवरून माणसं भरायची आणि पर्ल बेटावरच्या बांधकामाच्या साइटवर उतरवायची. बसमध्ये कॅमेरा लावला तेव्हा ऑफिसातले पुण्याचे साहेब म्हणाले होते, "फक्त चित्र दिसतं, आवाज येत नाही." तसा कागदच वाचून दाखवला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग काय! मी रोज कॅमेऱ्याला सलाम ठोकायचो आणि साहेबांची नक्कल करायचो, नाकातून बोलून. अख्खी बस हसायची.

एका गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एसी एवढा गार की थरथरायला आयतं निमित्त मिळालं. त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं, तर माझ्याच बसमधलं बोलणं! कुणीतरी म्हणत होतं, "भर उन्हात वर चढवतात. मी लेबर ऑफिसात तक्रार देणार."

"चेहरा सीटच्या आड आहे," साहेब म्हणाले. "आवाज कुणाचा, ते सांगा आणि इथं सही करा."

आवाज मी लगेच ओळखला. माझ्याच खोलीतला प्लंबर, बीडकडचा. लग्नाला वर्ष नाही झालं. मी नाव घेतलं की त्याला घरी धाडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"साहेब, आवाज येत नाही म्हणला होतात ना?"

"ते सोडा."

"कसं सोडू? न सांगता कुणाचं बोलणं टिपणं इथं गुन्हा हाय म्हणतात. असल्या चोरून ऐकलेल्यावर मी काय सांगणार न्हाई."

शूरबीर काही नाही हो. आवाज शेळीसारखा निघाला.

"बरं, मग हे ऐका." साहेबांनी दुसरं बटण दाबलं. माझी नक्कल! नाकातून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लॅपटॉपमधली बस खदाखदा हसली. केबिनमध्ये कुणी हसलं नाही.

"हा आवाज तरी ओळखता ना?"

"न्हाई साहेब. ह्यो बी न्हाई."

"शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे, रविवारी परत या. तोवर नोकरी हवी की नको, याचा विचार करा."

खोलीवर आलो तर प्लंबर बॅग भरत होता. मला केबिनमध्ये जाताना कुणीतरी बघितलं होतं, आणि दारातून त्याचा आवाजही ऐकला होता.

"भाऊ, घेतलं का माझं नाव?"

"न्हाई," म्हणलं, आणि मला हसू आलं. घाबरलो की मला हसू येतं, जन्माची खोड.

"हसू नका ना भाऊ! प्रत्येक गोष्टीची चेष्टा करता तुम्ही. तुमचं खरं कसं मानू?"

त्याचं काय चुकलं? इतक्या महिन्यांत मी त्याच्याशी एक धड वाक्य बोललो नव्हतो. मी त्याच्या बॅगेवरच बसलो.

"न्हाई घेतलं रे. मुतायची पाळी आलती, पण न्हाई घेतलं."

त्यानं हातातला शर्ट खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आणि रविवारी?"

मी तो शर्ट उचलून त्याच्या खाटेवर ठेवला. बॅगेवरून काही उठलो नाही.