विमान उतरलं, बाही गेली

रोह्यात, शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून, मी शंभराच्या वर विमानं पाडली आहेत. मनुष्यहानी शून्य. अब्रूची हानी किती झाली, तेच सांगायला बसलोय.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा धाटावला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. आमच्या ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर मोडीत काढला आणि मी तो उचलून घरी आणला. सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं आणि बाजूला फुलदाणी ठेवली. तिच्या दृष्टीने त्याचा उपयोग तिथे संपला. पण शिफ्टमधल्या एका मित्राने मला फ्लॉपींवर विमान चालवायचा खेळ आणून दिला, आणि माझ्या आयुष्याची दिशाच बदलली! (उंचीही बदलत होती, पण खालच्या दिशेने.)

खेळ म्हणजे नुसता खेळ नव्हता. खऱ्या विमानाची घड्याळं, खरे वेग, खरी धावपट्टी. उडवणं सोपं असतं, सगळा जीव उतरवण्यात जातो. मित्र एका छोट्या विमानाने छान उतरायचा. म्हणून मी ठरवलं, आपण पन्नास माणसांचं, दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप उतरवायचं. ह्याला माझा स्वभाव म्हणतात. सुलभाकडे ह्याला दुसरा शब्द आहे.

त्या विमानाची खोड अशी, की इंजिनाची ताकद जरा कमी केली की ते मोठे पंखे वारा अडवून धरतात आणि विमान नारळासारखं खाली येतं. घाबरून ताकद दिली, तर ती क्षणभर येतच नाही, आणि आली की नाक डावीकडे वळतं. ते सरळ करायला वैमानिक पायांनी शेपटीचं सुकाणू हलवतो. माझ्याकडे हातात धरायचा दांडा होता, पण पायाला काही नव्हतं. दोन हातांत दांडा, ताकद, चाकं, सगळं सांभाळून सुकाणूची बटणं दाबणार कशाने? नाकाने?

तेव्हा माझी नजर सुलभाच्या शिलाई मशीनच्या पायडलकडे गेली.

पुढे दाबलं की डावीकडे, टाचेने दाबलं की उजवीकडे! देवाने वैमानिकासाठीच बनवलेली वस्तू! मी पायडलच्या खाली दाराच्या बेलची दोन बटणं बसवली, त्यांच्या तारा की-बोर्डला कथलाचा पक्का डाग देऊन जोडल्या, मशीनचा पट्टा काढून खुंटीला टांगला आणि शेजारी टीपॉयवर कॉम्प्युटर मांडला. सुलभा तेव्हा माहेरी पेणला होती. तिच्या धाकट्या बहिणीचं, शैलाचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं. मी सुट्टी टाकून घर सांभाळत होतो. तीन दिवसांत मी अठ्ठावीस वेळा कोसळलो. पण दर वेळी धावपट्टीच्या जास्त जवळ!

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला दार वाजलं. बाहेर सुलभा, हातात पिशवी, आणि मागे माझे सासरे अप्पा. अप्पांचा उभा जन्म पेणच्या खाडीला मिठागरात गेलेला. उन्हात उभं राहून राहून त्यांना डोळे बारीक करूनच बघायची सवय.

"शैलाच्या शालूचा ब्लाउज राहिलाय," चपला काढता काढता सुलभा म्हणाली. "पेणच्या मशीनची सुई तुटली नि शिंपी गेलाय गावाला. एकच बाही लावायचीय. अर्ध्या तासात करते, दोनच्या एसटीने जाऊ."

मग तिने मशीन बघितलं.

"अहो, ह्या तारा कसल्या?"

"सुकाणूच्या."

"काढा."

"डाग दिलाय. उकलायला तास जाईल." मग स्टुलावर परत बसत मी अत्यंत चुकीचं वाक्य बोललो. "आणि आत्ता मी तीन हजार फुटांवर आहे."

अप्पांनी डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं. "जावय, ह्या विमान हाय का?"

"व्हय अप्पा."

"मानसं हायत त्यात?"

"पन्नास."

"मग उतरवा आधी," अप्पा खुर्ची ओढत म्हणाले. "बाही काय, वाट बघंल."

"बाही नाय बघणार वाट!" असं म्हणून सुलभाने खुंटीवरचा पट्टा काढून मशीनला चढवला, मला ढकलून स्टुलावरून उठवलं आणि तारांसकट पायडल मारायला सुरुवात केली. खडखड, खडखड, खडखड.

मी टीपॉयपाशी उकिडवा बसलो. दांडा माझ्या हातात आणि सुकाणू बायकोच्या पायात! डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मी डोळे मिटून घेणार इतक्यात लक्षात आलं, की विमान सरळ चाललंय. मी एकाच बाजूला पाय दाबून ते दर वेळी आडवं करायचो. सुलभाच्या पायात मात्र दोन्ही बाजू सारख्या. जेवढं डावं, तेवढंच उजवं. नाक धावपट्टीच्या मधोमध, जसं काही दोऱ्याने ओवलंय!

"थांबू नको!" मी ओरडलो.

"थांबतंय कोण? वळण आलंय!"

"हळू, हळू! चाकं टाकतो!"

"मी पण हळूच घेत्येय, खांद्याशी चुण्या पडतायत!"

पाचशे फूट. दोनशे फूट. अप्पा खुर्चीच्या टोकावर आले होते. "जावय, खाली बघा, खाली!" पन्नास फूट. मी ताकद कमी केली, पंख्यांनी वारा धरला, आणि विमान... बसलं. कोंबडी खुराड्यात बसते तसं बसलं! धावलं, हळू झालं, थांबलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा विमान उतरवलं होतं. मी आनंदाने उडी मारली. उकिडव्या माणसाने उडी मारू नये. दांड्याची वायर पायात आली, तोल गेला आणि मी हाताला लागलं ते घट्ट धरलं. हाताला बाही लागली. तिचं दुसरं टोक सुईखाली होतं.

फर्र!

नवरीच्या डाळिंबी रेशमी ब्लाउजची डावी बाही कोपरापासून काखेपर्यंत उभी फाटली होती.

"मानसं तर वाचली," अप्पा हळूच म्हणाले.

सुलभा रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "कापड इतकंच होतं. उद्या सकाळी अकराचा मुहूर्त." मग तिची नजर दाराच्या मागे गेली. तिथे हँगरला माझा लग्नासाठीचा झब्बा होता. अप्पांनी जावयाचा मान म्हणून दिलेला, शालूच्याच दुकानातला, रेशमी. रंग डाळिंबी.

"अगो, तो मानाचा झब्बा!" मी म्हणालो. घाबरल्यावर माझ्या तोंडात गावची भाषा येते.

"जेवायचा हात कुठचा तुमचा?"

"उजवा."

"मग डावी बाही," असं म्हणून तिने कात्री उचलली.

मी म्हटलं, उद्या मी साधा शर्ट घालतो. तर अप्पांचा चेहरा पडला. "मी दिलेला झब्बा जावयाने घातला नाय, तर मांडवात लोक इचारतील. थोरला जावई रुसलाय म्हनतील." त्यांचं खरं होतं. ज्यांनी माझं विमान उतरेपर्यंत श्वास रोखून धरला, त्या माणसाला मी मांडवात खाली बघायला लावणार नव्हतो. शेवटी सुलभाने तोडगा काढला. डावा हात झब्ब्याच्या आत पोटाशी धरायचा, बाहीचं भोक धावदोऱ्याने शिवून टाकायचं, वरून उपरणं. "दोन तासांचा प्रश्न आहे. कोणाच्या लक्षात येतंय?"

सगळ्यांच्या लक्षात आलं.

पेणला मांडवात शिरतो न शिरतो, तोच नवऱ्याकडच्या एक ठेंगण्या, ठसठशीत कुंकवाच्या काकी माझ्या डाव्या बाजूकडे बघून थबकल्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या अप्पांना बाजूला घेऊन कुजबुजल्या, "व्याहीबुवा, थोरल्या जावयाचं... कसं झालं हो?"

अप्पांना खोटं बोलता येत नाही. त्यांना वाटलं, काकी बाहीबद्दल विचारतायत.

"विमान उतरवताना झालं," अप्पा म्हणाले. "पन हिमतीचा मानूस. पन्नास मानसं सुखरूप खाली आनली. मी सोता बघितलं."

पाच मिनिटांत मांडव बदलला. मला पहिल्या रांगेत गादीची खुर्ची आली. नवऱ्याचे काका येऊन माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. काकींनी सरबताचा पेला माझ्या ओठांना लावला. मी म्हटलं, "अहो, हात आहे मला." तर त्यांचे डोळे भरून आले. "आहे हो, आहे! एक तर एक, देवाने ठेवलाय ना!"

मी सुलभाला खूण केली. तिने दुरून डोळे वटारले. मुहूर्ताला दहा मिनिटं होती, शैला बोहल्यावर उभी होती, बाही झकास बसली होती. आता तोंड उघडायचं म्हणजे मांडवात सगळी कथा सांगायची. मी उपरणं नीट सावरलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला थोडं आवडायलाही लागलं होतं. कुणीतरी विचारलं, "पेन्शन मिळते का?" तेव्हा मी नुसता खिन्न हसलो.

मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटच्या कडव्याला काकी अक्षतांचं तबक घेऊन माझ्याचसाठी म्हणून बोहल्याची पायरी उतरून आल्या. नऊवारीचा काठ पायात आला. तबक उडालं, काकी उडाल्या, आणि माझे दोन्ही हात पुढे गेले.

फर्र!

धावदोरा सुटला, डावा हात काखेपासून उघडाबोडका बाहेर आला आणि मी काकींना हवेतल्या हवेत झेललं. त्यांनी आधी माझा उजवा हात बघितला. मग डावा बघितला. मग मांडव हादरेल अशी किंकाळी फोडली.

"अगो बाय! हात उगवला!"

भटजींचं "सावधान" मधेच राहिलं. "साव" पर्यंत आलं आणि तोंड तसंच उघडं. वाजंत्रीवाल्यांना वाटलं झालं, त्यांनी दणक्यात सुरुवात केली. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला. गोंधळात शैलाने हार घातला, तेव्हा लग्न लागलं असं सर्वांनी धरून चालायचं ठरवलं. मग सुलभाने माईक घेतला (हो, माईक!) आणि कॉम्प्युटर, पायडल, बाही, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मिठागरातली माणसं हसता हसता खुर्च्यांवरून घसरली. नवऱ्याच्या काकांनी येऊन माझा हात परत हातात घेतला, ह्या वेळी डावा, आणि तो ओढून बघितला. अप्पा सगळ्यांना सांगत फिरत होते, "पन उतरलं व्हतं! खोटं नाय!"

शैलाचा संसार छान चाललाय. आम्ही तिच्याकडे जातो तेव्हा काकी अजूनही शेजारणींना बोलावून माझी ओळख करून देतात. "हे शैलाचे भावोजी. ह्यांना दोन्ही हात हायत."

नवी शेजारीण मला न्याहाळते आणि साहजिकच विचारते, "व्हय? मग काय करतात त्या हातांनी?"

काकी सुलभाकडे बघतात. सुलभा जरा वेळ प्रामाणिकपणे विचार करते.

"तसं इशेष काय नाय," ती म्हणते.