आबांचं भरीत आणि तात्याच्या शेणी

चहा घ्या, निवांत घ्या. मी आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा आज सांगून टाकतो. फक्त आधीच बजावून ठेवतो, किस्सा मयताचा आहे. हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या अक्काला तर हे आठवलं की अजून हसू आणि रडू एकदमच येतं.

थोडक्यात म्हणजे, माझ्या वडिलांचं मयत मी ते जिवंत असतानाच काढलं. काढलं म्हणजे, दारापर्यंत आणलं.

पंचाहत्तरच्या अलीकडं-पलीकडची गोष्ट असेल. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या आणि मागं परसू. मी हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायचो. बायको बाळंतपणाला माहेरी, राधानगरीकडं गेलेली. घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. तीस वर्षं गुळाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आवाज असा की घाटात हॉर्न बंद पडला तर नुसते ओरडून समोरची गाडी थांबवायचे.

त्या आबांच्या पोटात गाठ झाली. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, घरी न्या. जे मागतील ते द्या."

जे मागतील ते! अहो, मागत कुठं होते? चार दिवस तांदळाच्या पेजेचे दोन चमचे, ते पण माझ्या समाधानाला. बाकी भिंतीकडं तोंड करून पडलेले.

आणि पाचव्या दिवशी पहाटे हाक आली, "वसंता."

"काय आबा?"

"भरीत खावंसं वाटतंय रं. वांग्याचं."

काय सांगू, मला परीक्षेत पहिला आल्यासारखं झालं! म्हटलं, "आत्ता करतो की. स्टोव्ह पेटवतो—"

"ष्टोवरलं नगं. राकेलचा वास मारतोय. शेणीत भाजल्यालं पायजे. तुझी आई करायची तसं."

आई जाऊन सात वर्षं झालेली. आणि स्वयंपाकातलं मला काय येत होतं? चहा. त्यालाही आबा रेडिएटरचं पाणी म्हणायचे. पण म्हटलं, ह्या माणसानं जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागितलंय. करायचंच.

आता इथं बाहेरगावच्या पावण्यांसाठी एक खुलासा. शेणी म्हणजे गोवऱ्या. आणि आमच्या कोल्हापुरात मयत लाकडांवर नाही, शेणींवर जाळतात. हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत. मलाही माहीत. पण त्या पहाटे माझ्या डोक्यात वांग्याशिवाय काहीच नव्हतं, त्याला काय करणार?

गेलो तात्याकडं. तात्याच्या आठ म्हशी आमच्या गल्लीच्या टोकाला. माझा अवतार डोळ्यांसमोर आणा: आठवड्याची दाढी, रात्रभर जागून लाल झालेले डोळे, पायात चप्पल नाही. तात्या धार काढत बसला होता.

"तात्या, शेणी पाहिजेत."

धार थांबली.

"कुनाला रं, मास्तर?"

"आबांना."

तात्यानं चरवी खाली ठेवली. "कवा?"

"आत्ता पहाटे." मला वाटलं, आबांनी कधी मागितलं हे विचारतोय!

"काय बोललं का शेवटाला?"

हा 'शेवटाला' माझ्या कानात शिरलाच नाही. म्हटलं, "भरीत म्हणाले. आणि आईची आठवण काढली."

तात्यानं डोक्याचा टॉवेल सोडून डोळ्यांना लावला. मला वाटलं, म्हशीनं शेपूट मारलं.

"पाच-सहा पुरेत," मी म्हटलं.

"पाच-सहा?" तात्या माझ्याकडं बघतच राहिला. मग उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आरं खुळ्या, पाच-सहात काय हुतंय? तू घरला जा. तू कायबी करू नगंस. शेणीचं, बाकीचं, समदं आमी बघतो."

'बाकीचं' म्हणजे मला वाटलं, मिरच्या आणि कोथिंबीर. मनात म्हटलं, काय माणसं आहेत आपल्या गल्लीत!

घरी येऊन बघितलं तर आबांना झोप लागलेली. मांजर आत येतं म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि मंडई गाठली. चांगली टपोरी, काळीभोर दोन वांगी निवडून घेतली. ह्यात तासभर गेला.

परत येऊन बघतो तर काय! दारात हातगाडी उभी. हातगाडीवर शेणींची रास, माझ्या छातीएवढी. शेजारी दोन बांबू. सुतळी. एक मडकं. बायका पदर तोंडाला लावून ओट्यावर बसलेल्या, पुरुष टोप्या काढून उभे.

मी सायन्सचा मास्तर, बरं का. निरीक्षण आणि अनुमान असं फळ्यावर लिहून देणारा. निरीक्षण तर समोर मांडून ठेवलेलं! आणि अनुमान काय काढलं? बांबू कुणाच्या तरी मांडवाचे असतील, आणि वांगं मडक्यात भाजलं की जास्त खमंग होत असेल.

बंडूनाना पुढं आले. गल्लीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वसंता, कडी काढू का? आत जाऊन दर्शन घ्यावं म्हनतो."

"नको नाना," मी म्हटलं. "रात्रभर तळमळत होते. आत्ता कुठं शांत झालेत. कुणी हात लावू नका."

ओट्यावर हुंदका फुटला. मला भरूनच आलं. लोकांना किती माया!

"अक्काला कळवायला पायजे रं," नाना म्हणाले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शालन. कबनूरला दिलेली. तिच्या यजमानांचे तिथं कापडाचे माग होते. चार वर्षांपूर्वी एका लग्नात आबा भर पंगतीत जावयाला टाकून बोलले. अक्कानं ताट सोडलं, ती परत माहेरी आली नाही. आबा आजारी पडल्यावर मी दोन पत्रं पाठवली. तिचं उत्तर आलं, 'त्यांनी बोलवू दे.' आबा म्हणाले, 'तिनं यावं.' दोघंही एकाच मुशीतली.

म्हणून मी नानांना म्हटलं, "तिला कशाला कळवायचं? चार वर्षं आली नाही, आता काय येतीया? आणि मी दोनच वांगी आणलीत."

नानांनी माझ्या पिशवीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला कुठं माहीत, तात्याचा भाऊ तासाभरापूर्वीच फटफटी काढून कबनूरला गेला होता!

राशीतल्या सहा शेणी उचलल्या आणि बोळातून मागं परसात गेलो. चार जण हळूहळू मागं आले. मग दहा. मग परसूच भरलं. मी शेणी रचल्या, पेटवल्या. असला धूर झाला म्हणता! डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या पाण्यातच वांग्यांना तेल चोळलं आणि निखाऱ्यात ठेवली.

भिंतीकडून कुजबूज ऐकू आली. "पोराच्या डोस्क्यावर परिनाम झाला गं, बाई."

"निवदाला आसंल," दुसरी म्हणाली.

नाना दबक्या आवाजात सगळ्यांवर खेकसले, "गप बसा की! त्यांच्यात आसंल तशी रीत."

हे मात्र मी ऐकलं. वळून म्हटलं, "रीत कसली, नाना? आबांना खायची आहेत!"

"अगं आई गं!" असं म्हणून दोन बायका मोठ्यानं रडायला लागल्या. कुणीतरी मला धरायला पुढं झालं.

तेवढ्यात पुढच्या दाराशी हंबरडा. "आबाऽऽ! माजं आबाऽऽ!"

अक्काचा आवाज! मी दचकलो. ही इथं कशी? कडी काढल्याचा आवाज आला. आणि नेमकं त्याच क्षणी—

बंद भांड्यात वाफ कोंडली तर काय होतं? नववीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवायचो. म्हणून तर वांगं भाजायच्या आधी त्याला टोचे मारायचे असतात. हे घराघरातल्या बायकांना ठाऊक, मास्तरांना नाही.

धाडकन वांगं फुटलं!

निखारे, राख, वांग्याचा गर, सगळं आभाळात. नानांच्या धोतरावर ठिणगी पडली, ते एका पायावर नाचायला लागले. बायका किंचाळल्या. आणि त्या गोंधळात घराच्या आतून, चार दिवसांत निघाला नव्हता असला खणखणीत आवाज आला:

"वसंताऽ! टायर फुटला का रंऽ?"

मग जी पळापळ झाली म्हणता! बोळात माणसं अडकली. तात्या राखेतच बसला. मला तरीही कळेना, टायरला एवढं घाबरायचं काय कारण?

मागच्या दारानं आत गेलो. आबा कोपरावर रेलून अर्धे उठलेले. उंबऱ्यात अक्का, चौकटीला धरून उभी, केस सुटलेले, पदराचा बोळा तोंडात.

"तू कवा आलीस?" आबा म्हणाले.

"आत्ताच."

"मग रडतीस कशाला? कोन मेलं?"

अक्कानं पदर तोंडातून काढला. "तुमीच की, आबा!"

आबांनी विचार केला. खरंच केला. तिच्यामागं उघड्या दारातून हातगाडी दिसत होती, बांबू दिसत होते. ते सगळं त्यांनी सावकाश बघून घेतलं.

"आसं व्हय," म्हणाले. "मग चार वरसं तुजी वाट बघत हुबा ऱ्हायलो कशाला? आदीच मरायला पायजे हुतं की मी."

अक्कानं जे खाटेवर अंग टाकलं, ती उठेचना. आबांचा हात तिच्या पाठीवर. चार वर्षांत जे झालं नव्हतं, माझ्या दोन पत्रांनीही झालं नव्हतं, ते एका वांग्यानं केलं.

आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेणी, कडी, 'शांत झालेत', सगळं एकदम. बाहेर येऊन एकेकाच्या पाया पडलो. कुणी शिवी दिली, कुणी पाठीत धपाटा घातला. नाना जळकं धोतर सावरत बांबू घेऊन गेले. तात्या खाली मान घालून हातगाडी वळवायला लागला.

खिडकीतून आवाज आला, "तात्या, शेनी कुटं निगाल्या?"

तात्या जागीच थांबला.

"ऱ्हाऊ दे तितंच. दोनदा हेलपाटा कशाला घालतोस?"

कुणी हसलं नाही. तात्यानं एकेक शेणी उचलून खिडकीखाली भिंतीला नीट रचून ठेवली. मी मदतीला गेलो तर हातानंच नको म्हणाला.

एक वांगं शिल्लक होतं. अक्का उठून पदर खोचायला लागली. म्हटलं, "हात लावायचा नाही. त्यांनी माझ्याकडं मागितलंय." साल काढली, गर कुस्करला, कांदा, मिरची, शेंगदाण्याचं कूट, वरून कच्चं तेल. वाटी आबांच्या पुढं धरली. अक्का बघतेय, खिडकीतून तात्या बघतोय.

आबांनी बोटानं थोडं उचललं. जिभेवर ठेवलं. डोळे मिटले.

"झ्याक!"

अहो, मी बी.एस्सी. झालो तेव्हा आबा 'बरं' म्हणाले होते. नोकरी लागली तेव्हा 'लागली का?' एवढंच. आणि भरताला झ्याक! सगळी वाटी संपवली त्यांनी. शेवटी बोट चाटलं. मी ती वाटी घेऊन मोरीत धुवायला गेलो तो तरंगतच.

आबा त्यानंतर नऊ दिवस होते. अक्का इथंच राहिली. मी रोज विचारायचो, "आबा, आज भरीत करू?" आणि ते रोज म्हणायचे, "नगं रं. त्या दिवशीचंच प्वाट भरलंया अजून."

दहाव्या दिवशी सकाळी अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. या वेळी मला कुणाकडं काही मागायला जावं लागलं नाही. दारात उभा राहिलो. तात्यानं लांबूनच बघितलं, आणि हातगाडी घेऊन आला.

तेराव्याला सगळं आवरल्यावर मी आणि अक्का परसात बसलो होतो. मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडनं सगळं चुकलंच. पण एक समाधान हाय बघ. आबा शेवटचं पोटभर जेवले ते माझ्या हातचं."

अक्का खाली बघत बसली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतीया. तर हसत होती!

"वसंता, तुला सांगायचं न्हाय म्हनालं हुतं."

"काय?"

"तू वाटी धुवायला गेलास तवा मला जवळ बोलावलं. म्हनालं, 'शालन, त्यात मिठाचा खडा न्हाय, आनि निम्मी राख हाय. पर त्याला सांगू नगंस. आनि आता आलीयास तर जाऊ नगंस बाई. तू गेलीस की ह्यो परत रांदंल.'"