एका परवान्यावर दोघी

किमतीचं पान वाचण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत होते. फ्रिज घ्यायचा असो की मोबाइलचा प्लॅन, नातेवाईक आधी मला फोन करायचे. त्या पानांनी मला एकदा असं तोंडघशी पाडलं की आता फोन आला तर मी आधी वेळ मागून घेते.

आमचा धंदा म्हणजे सिनेमातली खोटी कामं. नटाच्या कमरेची दोरी पुसायची, मागे उभा राहिलेला विजेचा खांब काढून टाकायचा, माणसाच्या कडेकडेने रेघ आखून त्याला मागच्या दृश्यातून सोडवायचं. ह्या शेवटच्या कामाला रोटो म्हणतात. मी माहीमची, म्हणजे केळव्याजवळच्या माहीमची, वाडीवाल्यांच्या घरातली. माझी भागीदार मासवणची. मालाडच्या एका स्टुडिओत आम्ही दोघींनी आठ वर्षं शेजारी बसून हेच केलं. वाऱ्यावर उडणाऱ्या केसांची कड ती ज्या सफाईने काढते ते मला आजही जमत नाही. मला जमतं ते बोलणं, घासाघीस करणं आणि कागद वाचणं. दोघींनी मिळून बोईसरला गाळा घेतला तेव्हा कामाची वाटणी आपोआपच झाली.

नोकरी सोडायला तिला मी तयार केलं होतं, हे इथेच सांगून टाकते. तिच्या घरी पावसावरचं थोडं भात आणि नियमित पगार आणणारी ती एकटी. तिने तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा मी तिला म्हटलं, "दुसऱ्याच्या नावाने अजून किती वर्षं केस काढत बसणार आहेस?" तेव्हा ती आली. गाळ्याजवळ बेटेगावला तिने खोली घेतली आणि रविवारी तेवढी घरी जायची.

पहिलं काम मुंबईच्या एका स्टुडिओकडून मिळालं. चाळीस शॉट, एक महिना. अटी दोन. सगळे स्टुडिओ वापरतात त्याच सॉफ्टवेअरमधल्या फाइली द्यायच्या, आणि सगळं काम परवाना घेतलेल्या प्रतीवर केलं आहे असं लिहून सही करायची. सही मी केली.

ते सॉफ्टवेअर एकेकाळी कायमचं विकत मिळायचं. आता फक्त भाड्याने मिळतं, महिन्याचं, तीन महिन्यांचं किंवा वर्षाचं, आणि वर्षाच्या भाड्यात आमचे दोन्ही कॉम्प्युटर आले असते. मी चार दिवस तक्ते केले. हौशी लोकांनी मिळून बनवलेलं एक फुकट सॉफ्टवेअर आहे आणि ते खरंच चांगलं आहे, पण त्याच्या फाइली स्टुडिओ घेत नव्हता. यंत्र चालवायला विंडोज घ्यायचं तर प्रत्येक यंत्रामागे पैसे. लिनक्स फुकट, आणि स्टुडिओतही तेच, म्हणून आम्ही लिनक्स घातलं. मग दोन दिवस असे गेले की तिने रेघा ओढायच्या टॅब्लेटवर पेन डावीकडे नेलं की पडद्यावरची रेघ उजवीकडे जायची. मी चिडून टेबलावर हात आपटला. तिने मात्र गुमान बसून ते दुरुस्त केलं.

राहिला परवाना. तो सल्ला मला घरूनच मिळाला. बाबा वाडीत नारळ बघत होते आणि मी भाड्याचं रडगाणं लावलं होतं. ते म्हणाले, "नारळ उतरवणारा माणूस आपण वरीसभर बसवून ठेवतो काय? नारळ तयार झाले की त्या दिसापुरता बोलवायचा. बाकीचं आपण हायच की."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. त्या सॉफ्टवेअरची शिकणाऱ्यांसाठी एक फुकट आवृत्ती असते आणि साधनं जवळजवळ सगळी तीच. तीन आठवडे तिच्यावर काम करायचं आणि शेवटच्या आठवड्यात महिन्याचा परवाना घेऊन त्यात फाइली उघडायच्या आणि पाठवायच्या. खरं सांगायचं तर हे सहीच्या कागदात बसत नव्हतं. पण शेवटी पैसे भरले की सगळं शुद्ध होईल असं मी मनाशी ठरवून टाकलं. भागीदाराने विचारलं, "चालेल ना गं असं?" मी म्हटलं, "मी वाचलंय."

विसाव्या दिवशी मी एक परवाना घेतला. दुसरा फाइली उघडल्या की घेणार होते. ज्या भिंतीवरचे शहाण्णव खिळे पुसले होते त्या शॉटची फाइल मी उघडली आणि पडद्यावर सूचना आली की ही फाइल शिकाऊ आवृत्तीत तयार झालेली आहे, ती इथे उघडता येणार नाही. दुसरी उघडली. तिसरी उघडली. चाळीसही तशाच. मग मी ते किमतीचं पान पुन्हा काढलं. हेच सांगणारी ओळ तिथे होती, तक्त्याच्या अगदी खाली, आणि फारशी बारीकही नव्हती. 

भागीदार ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिने आपला चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "मालाडहून फोन आला होता परवा. जागा रिकामी हाय म्हणाले. मी नको म्हणून सांगणार होते. आता ह्या परवान्याचा महिना भरला की जाते मी. तिकडे कोणाचं चुकलं तरी पगार थांबत नाय."

मी तिला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? तिची केसांची सगळी कामं त्या न उघडणाऱ्या फाइलींत होती. पण हिला मी अशी जाऊ देणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. जायचं तर जावं तिने, पण माझ्या चुकीमुळे हरून नाही.

आणि ठरवल्यावर मी काय केलं, तर सरळ दुसरी चूक करायला निघाले. आमचे कॉम्प्युटर ज्याच्याकडून घेतले तो दुकानदार हसला. "मॅडम, इतना टेन्शन? ये पेनड्राइव्ह ले जाओ. इसमें बिना लाइसेन्स का, तोड़ा हुआ वाला है, सब फाइल खोल देगा. इधर सब यही चलाते हैं." पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने. मी ती घेतली आणि गाळ्यावर येऊन टेबलावर ठेवली.

"ह्यात काय हाय?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"कागदावर सही कोणी केली?"

"मी."

"मंग मला काय विचारते?"

मला भयंकर राग आला, आणि तिचा आला असं मी दुकानापर्यंतच्या वाटेत स्वतःला सांगत होते. पेनड्राइव्ह दुकानदाराच्या हातात देताना मात्र कळलं की राग कोणाचा होता. तो म्हणाला, "नहीं चला क्या?" मी म्हटलं, "चलाना नहीं है." तिथेच दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी स्टुडिओत काम वाटून देणाऱ्या बाईंना फोन लावला. शिकाऊ आवृत्ती, न उघडणाऱ्या फाइली, माझी सही, सगळं सांगितलं आणि म्हटलं की खऱ्या परवान्यावर पुन्हा पहिल्यापासून करून देते, चार दिवस वाढवून द्या.  त्या म्हणाल्या, "तुम्ही हे सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. पण तारीख माझ्या हातात नाही."

तासाभराने त्यांचा निरोप आला. वीस शॉट काढून दुसऱ्यांना दिले होते. वीस आमच्याकडे, तारीख तीच. खरेपणाचं बक्षीस वगैरे काही नाही. अर्धं काम गेलं आणि त्याबरोबर दुसऱ्या परवान्याचे पैसेही गेले.

दहा दिवस, वीस शॉट, दोघी आणि परवाना एक. हा परवाना यंत्राला बांधलेला असतो. त्या यंत्रावर कोणीही बसावं, पण एका वेळी एकच. तारापूरच्या कारखान्यांत माणसं पाळ्यांनी काम करतात, यंत्र थांबत नाही. मी भिंतीवर कागद चिकटवला, पहिली पाळी सहा ते दोन, दुसरी दोन ते दहा. पहिली तिला दिली, कारण सकाळी तिचा हात स्थिर असतो. मी असंही म्हटलं की चूक माझी, तेव्हा तुझे शॉटही मीच करते.

"तुझे केस कोण पास करणार?" ती म्हणाली. त्या विसाव्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसली होती, तेही मला.

त्या दहा दिवसांत आम्ही रोज दुपारी दोनला दहा मिनिटं भेटायचो. खुर्ची गरम असायची. ती उठता उठता सांगायची, "आठव्या शॉटला डाव्या खांद्याची कड हलते, तेवढी बघ," आणि मी बसायचे. दुसऱ्यांदा करताना हात लवकर चालतो हे खरं, पण प्रत्येक रेघ ओढताना आधीची वाया गेलेली रेघ डोळ्यांपुढे यायची, आणि मी दात आवळून पुढची ओढायचे. जेवण यंत्रासमोरच व्हायचं. बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी नारळाचं बोललो होतो, तुझ्या त्या मशीनचं काय मला ठाऊक?" त्यांचं बरोबर होतं.

वीस शॉट वेळेत गेले. दोन परत आले, दोन्ही माझे. ते तिने सुधारले.

पैसे जमा झाले तेव्हा परवान्याचा महिना भरायला तीन दिवस होते आणि मालाडचा विषय आम्ही कोणीच काढत नव्हतो. पाळीच्या सवयीने मी दोनला गाळ्यावर पोचले. ती यंत्रापुढे बसलेली होती. तिच्या मागे उभी राहून मी परवान्याचा नवा अर्ज उघडला. एक यंत्र, आणि परवानाधारकाचं एक नाव. चावी, म्हणजे परवाना सुरू करायचा क्रमांक, त्या नावावर येते आणि परवाना कुठे लावायचा ते त्या माणसाच्या हातात राहतं. मी वाकून तिचं नाव लिहिलं.

"हे काय?" ती म्हणाली. "मी चावी घेऊन गेले तर?"

"तर घेऊन जा. तुझीच असेल. मी दुसऱ्याच्या नावाने काम करू नकोस म्हणून तुला आणलं आणि सगळं माझ्या नावाने केलं."

 तिने अटींचं पान उघडलं आणि वाचायला घेतलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, बोट ठेवून, न समजलेला शब्द मला विचारत. अर्ध्या तासाने ती पानाच्या तळाशी पोचली. तिथे तीन चौकोन होते, महिना, तीन महिने आणि वर्ष. वीस शॉटांच्या पैशांत वर्षाचंही जेमतेम बसत होतं, पण मी मुद्दाम एकावरही खूण केली नव्हती.

"कुठला?" तिने विचारलं.

 "तू सांग," मी म्हटलं.

तिने वर्षावर खूण केली. मग फोन उचलून मालाडचा नंबर लावला, जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणाली आणि फोन ठेवला. मी तोंड फिरवून डोळे पुसत होते. तिने खुर्ची मागे सारली.

"बस आता," ती म्हणाली. "अडीच वाजले."