दहापैकी नऊ

मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मी नावं पुकारते. पलीकडच्या खोलीत ताई बसतात. पोटातल्या बाळाला गाठ दिसली की पुढे काय होऊ शकतं, ते आईबापांना समजावून सांगायचं हे त्यांचं काम. अठरा वर्षं करताहेत. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही; त्यांचा तिरसटपणा रोज मलाच झेलावा लागतो.

टक्केवारी त्या सांगत नाहीत. टेबलावर दहा बटणं मांडतात आणि जितकी बाळं दगावतात तितकी बाजूला सारतात.

परवा सकाळी एक शिवणकाम करणारी बाई आली. सातवा महिना. बाळाच्या माकडहाडापाशी गाठ, भराभर वाढणारी, रक्तपुरवठाही जोरात. ताईंनी एकच बटण सारलं. बाई हसली. "मग घराजवळच्याच दवाखान्यात बाळंत होते," म्हणाली आणि गेली.

दुपारी जेवताना ताईंनी घास खाली ठेवला आणि सकाळची चूक मला सांगितली. नऊ वाचतात ती जन्मल्यावर गाठ सापडलेली बाळं. पोटातच दिसलेल्या, अशा गाठीचं गणित फार वाईट. सवयीने हात चुकीचा चालला होता.

"फोन करा," मी म्हटलं.

"आणखी चार बटणं फोनवरून काढू?" त्या माझ्यावरच खेकसल्या.

आम्ही दोघी तडक तिच्या घरी गेलो. ती मशीनवर झबलं शिवत होती, पाठीकडून उघडं, ऑपरेशनच्या टाक्यांना कापड घासू नये म्हणून. ताईंनी आडपडदा ठेवला नाही.

"सकाळी मी चुकले. नऊ नाही, पाचच्या आसपास. बाळंतपण आमच्याकडेच हवं. जन्मताच ऑपरेशन लागलं तर सर्जन तिथे आहेत."

"मग सकाळी हसवलंत कशाला मला?"

"माझी चूक झाली."

"चूक!" तिने झबलं भिरकावलं. "आईला सांगितलं, सासूला सांगितलं. आता काय सांगू त्यांना?"

ताईंनी झबलं उचललं आणि झटकून मशीनवर ठेवलं. एरवी कुणाचं अर्धं वाक्य खपवून न घेणारी बाई! मला तर वाटलं, ही आता आम्हाला हाकलणार.

ती भिंतीला धरून उठली. नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "बॅग काढा. उद्या मोठ्या हॉस्पिटलात जायचंय." मग ताईंकडे वळली. "तिथे तुम्ही असाल?"

"तुला चालत असेल तर."

"तोंड बघवत नाही तुमचं. पण तुम्हीच या. दुसरं कुणी चुकलं, तर सांगायला घरी येणार नाही."