घासलेल्या पट्टीवरचा नंबर

जुन्नरला ज्या गॅरेजात मी स्कूटर नेते, तिथले काका बोलताना हात पुसत राहतात, हात स्वच्छ असले तरी. त्यांच्याकडे एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आहे, भंगारातून वाचवलेली. गुडघे थकले म्हणून ते आता गॅरेज बंद करणार आहेत. त्याआधी गाडीला चांगलं घर मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

परवा मी बाकावर बसले असताना पुण्याहून जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. अशा गाड्या मुळात थोड्याच बनल्या, आता जगात मोजक्या उरल्यात, असं ते म्हणाले. ही त्यांतलीच आहे का, हे इंजिनाजवळच्या पट्टीवरच्या नंबरावरून कळणार होतं. बॉनेट उघडून त्यांनी पट्टीवरचा रंग खरवडला. खाली नुसता गुळगुळीत पत्रा निघाला.

"नंबर कुठंय?"

"दर दसऱ्याला घासून रंग देतो ना, पावणं. पूजेला गाडी नवी दिसाया पायजे."

"काका, तुम्हीच घालवलात की हो तो! आता ही खरी कशावरून मानायची?"

गृहस्थ निघून गेले.

"किती उरल्यात म्हनले ते?" काकांनी मला विचारलं.

"मोजक्याच."

"मग त्यातली एक कमी करा," म्हणत त्यांनी बॉनेट लावून घेतलं.