टबातलं कोमट पाणी

रेडिएटरवर वाळणाऱ्या टॉवेलचा ओलसर वास आला की मला मँचेस्टरचा तो फ्लॅट आठवतो. इंग्लंडमध्येच जन्मलेली माझी मराठी फ्लॅटमेट वीकेंडला घरी गेली होती आणि तिचा पाळलेला साप माझ्याकडे होता. त्याची कात शेपटीकडे सुकून अडकली होती. "कोमट पाण्यात ठेव, मग ओल्या टॉवेलमधून जाऊ दे. कात पुल नाही करायची हं," तिने फोनवर सांगितलं. टबात चार बोटं पाणी घेऊन मी सापाला सोडलं, तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन आला. आई गेली होती. माझा व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज अडकलेला होता, देश सोडला तर तो रद्द झाला असता; मला जाता येणार नव्हतं. दादा म्हणाला, "डोक्यावरून आंघोळ कर. तेवढं तरी कर." मी बरं म्हटलं. टबात साप होता. मी त्याला उचलून टॉवेलमध्ये सैलसर धरलं. तो पुढे सरकत राहिला आणि कात उलटी होत टॉवेलला चिकटत गेली. शेवटचं टोक सुटायला तास लागला. ओढायचं नव्हतं, म्हणून मी ओढलं नाही. मग त्याला पेटीत ठेवलं, टब घासला आणि पलंगावर बसून राहिले. संध्याकाळी दादाने विचारलं, "केलीस ना आंघोळ?" मी हो म्हटलं. त्याला अजून तेच माहीत आहे.