चित्र गेलं की आवाज?

फोन उचलला की केबलमामा 'हॅलो' म्हणायचे नाहीत. थेट विचारायचे, "चित्र गेलं की आवाज?" चित्र गेलं असेल तर दहा मिनिटांत दारात. आवाज गेला असेल तर हातातला चहा संपवून. "आवाजाशिवाय मालिका कळते हो, ताई," ते म्हणायचे. "सासू डोळे वटारते, सून रडते. चित्राशिवाय काय बघणार?"

बोरिवलीला पार्काच्या भिंतीला लागून आमची गल्ली. गल्लीतल्या सगळ्या इमारतींना केबल त्यांचीच. मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ कड्यासारखं घातलेलं, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. पार्कातली माकडं गच्चीवर यायची आणि वायरींना लोंबकळायची. त्यामुळे मामा वायर कधी ताणून बांधत नसत. मला ती सैल लोंबणारी वायर बघवायची नाही. एकदा मी बोलले, तर म्हणाले, "ताणली की तुटते. सैल असली की माकड झोका घेतं आणि पुढे जातं. त्याचंही काम झालं, आपलंही." मी ते ऐकून घेतलं आणि माझ्या वहीत 'लोंबत्या वायरी' असा मुद्दा लिहिला. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. लिहून ठेवलं नाही की मला चैन पडत नाही.

त्यांचा स्वतःचा एक चॅनेलही होता. त्यावर आमच्या गणपतीची आरती दिसायची आणि खाली पट्टी सरकायची. कोण दहावी पास झालं, पाणी किती वाजता जाणार, लाल रिबन बांधलेली चावी कोणाला सापडली. माझी आई गेली तेव्हा दहाव्याची वेळ मी कोणालाच कळवली नव्हती, सुचलंच नव्हतं. माणसं आली ती मामांच्या पट्टीवर वाचून.

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती आणि ती फक्त आयांना माहीत होती. फेब्रुवारी लागला की आया त्यांना गुपचूप फोन करायच्या. "मामा, आमचं चित्र घालवा." मग परीक्षा संपेपर्यंत त्या घरात टीव्ही मुका आणि आंधळा. पोरं जिन्यात मामांना गाठायची, भांडायची. मामा वर बोट दाखवून सांगायचे, "वरून प्रॉब्लेम आहे." आमच्या ओंकारच्या दहावीला मीही तोच फोन केला. ओंकार दर आठवड्याला खाली जाऊन वॉचमनकडच्या तक्रारवहीत लिहून यायचा. 'चित्र नाही', 'अजून चित्र नाही', 'केबलवाला झोपलाय का?' मी मजा बघत होते. मामांनी शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही. पेपर संपले त्या दुपारी चित्र आलं आणि ओंकार त्यांना म्हणाला, "काय मामा, तुमच्या सर्व्हिसची अगदी वाट लागलीय!" मामा म्हणाले, "खरंय रे बाबा."

माझे वडील, आप्पा, त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. आई गेल्यावर वर आमच्याकडे या म्हटलं, तर आले नाहीत. त्यांच्या घरचं चित्र फार जायचं. महिन्यातून एक-दोनदा तरी. मी ऑफिसातून येईपर्यंत मामा येऊन दुरुस्त करून गेलेले असायचे. ओट्यावर दोन कप उलटे घातलेले दिसायचे. एकदा मी लवकर आले तर दोघं मालवणीत बोलत होते. "आप्पानू, इला चित्र, बघा." आप्पा टीव्हीकडे बघतही नव्हते. गावच्या कुठल्याशा फणसाच्या झाडाबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होते. मला मालवणी समजते, बोलता येत नाही. आई गेल्यावर आमच्या घरात आप्पांशी ती बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मी दोघांकडे हसून बघितलं आणि मनात म्हटलं, या म्हाताऱ्या माणसाला टीव्हीपायी किती मनस्ताप. याचा काहीतरी निकाल लावला पाहिजे.

तो मी लावला. एका कंपनीने अख्ख्या इमारतीला इंटरनेट देऊ केलं, सोबत मालिका-सिनेमे बघायची चार-पाच ॲपं. अट एकच, सगळे फ्लॅट हवेत आणि गच्चीवरचं जुनं जाळं निघायला हवं. मी रीतसर कागदाचे दोन रकाने केले, केबल आणि इंटरनेट. केबलच्या रकान्यात तक्रारवहीतल्या वर्षभराच्या तक्रारी मोजून लिहिल्या. अडतीस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक हळहळले असते, पण अडतीस ऐकल्यावर सगळ्यांचे हात वर व्हायला तयार होते.

मामांना बाजू मांडायला बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, मनगटात रीळ नव्हतं. आमची इमारत गेली की गल्ली जाणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. ते एकेक पान उलटत गेले. प्रत्येक तक्रारीपुढे 'निवारण' या रकान्यात त्यांचीच सही होती. मध्येच थांबले. पुढच्या खुर्चीत आप्पा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते, त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यांनी वही मिटली. "बरोबर आहे," म्हणाले. "तक्रारी आहेत."

पुढच्या रविवारी ते स्वतःच वायरी काढायला आले. कापून टाकल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी प्रत्येक वायर नीट गुंडाळली, पट्टीने बांधली. मी यादीत खूण केली: जुनं जाळं, काढलं.

नवं सगळं झकास चाललं होतं. आप्पांकडे मात्र दिवसाआड इंटरनेट बंद. "बंद पडलंय. कोणाला तरी बोलव," आप्पांचा फोन. मी हेल्पलाइनला लावायचे. एक दाबा, दोन दाबा, मग एक गोड आवाज सांगायचा की इंटरनेटचा डबा बंद करून चालू करा. मी खाली जाऊन तसं करायचे आणि चालू व्हायचं. आप्पा विचारायचे, "माणूस नाही येणार?" मी अभिमानाने सांगायचे, "माणसाची गरजच नाही, आप्पा."

एकदा खाली गेले तर डब्याची वायर भिंतीतून निघून जमिनीवर पडलेली. वाकून बघितलं, उंदीर नाही, काही नाही. मागे आप्पा उभे होते.

"आप्पा, ही तुम्ही काढलीत?"

ते काठी टेकत खुर्चीत जाऊन बसले. मग म्हणाले, "आधी काढली की तो यायचा."

"म्हणजे तेव्हाही?"

"त्याला माहीत होतं गं. दरवेळी मागे हात घालून पिन बसवायचा. मला कधी बोलला नाही."

"मग मीटिंगमध्ये तुम्ही का नाही बोललात?"

"तूच वाचत होतीस ना यादी," आप्पा म्हणाले. "चारचौघांत काय सांगू, माझं पोर दिवसभर बाहेर असतं म्हणून मी वायरी काढतो?"

मी वॉचमनकडून ती जुनी वही वर आणली. तेव्हा मी फक्त ओळी मोजल्या होत्या, फ्लॅट नंबर बघितलेच नव्हते. आता बघितले. एकवीस तक्रारी आप्पांच्या. सात माझ्याच घरातून, ओंकारच्या अक्षरात, मीच घालवलेल्या चित्राबद्दल. चार दुसऱ्या दोन आयांच्या मुलांच्या. उरलेल्या सहा माकडांच्या. मामांची स्वतःची चूक म्हणावी अशी एकही नाही. त्या दिवशी ती पानं उलटताना हे सगळं त्यांना दिसलं होतं. एक वाक्य बोलले असते तर हात खाली आले असते. आणि आप्पांचं बिंग फुटलं असतं, माझंही. मीटिंगला ओंकार मागेच उभा होता.

मी फोन लावायला आठ दिवस घेतले. रोजच्या यादीत लिहायचे, 'मामांना फोन', आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत पुन्हा लिहायचे. गल्लीतल्या बाकीच्या इमारतींनी तोवर आमचंच पाहून केबल काढली होती. मामा कुडाळला गावी गेलेत, एवढं वॉचमनकडून कळलं होतं. शेवटी लावला.

"चित्र गेलं की आवाज?" पलीकडून आलं.

तोंडची सवय. त्यांनी दोनदा विचारलं, मग मी नाव सांगितलं.

"हां ताई, बोला! ओंकार काय करतो?"

मी सगळं सांगितलं. वही, आकडे, आप्पांची वायर. माफी मागायला चार वाक्यं कागदावर लिहून घेतली होती, ती अर्धीच वाचून झाली. मामा मध्येच म्हणाले, "अहो ताई, तुमचा काय दोष? वरून प्रॉब्लेम होता."

माझ्या मुलाला ज्या सुरात सांगायचे, त्याच सुरात.

"मामा, आप्पांकडे एकदा याल का? मी तिकीट काढते."

"येईन की. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ते होऊ दे. तुम्ही आपली वहीत तक्रार लिहून ठेवा, म्हणजे माझ्या लक्षात राहील."

ते गमतीने म्हणाले असतील. मी त्या संध्याकाळी जुन्या वहीत लिहिली. तारीख, तळमजला, फ्लॅट दोन, चित्र नाही. 'निवारण'चा रकाना त्यांच्या सहीसाठी मोकळा ठेवला. त्याला आता वर्ष होत आलं. मध्यंतरी दोनदा फोन केला, तो मुलीने उचलला. बाबांना अजून गाडीची पायरी चढवत नाही, म्हणाली.

मी आता ऑफिसातून आले की आधी तळमजल्यावर जाते. वायर निघालेली असली तर बसवते, चहा टाकते, अर्धा तास बसते. आप्पा माझ्याशी साध्या मराठीत बोलतात, फणसाचा विषय काढत नाहीत. निघताना मात्र दारापर्यंत येतात आणि विचारतात, "लिहिलंयस ना वहीत नीट?"

"लिहिलंय, आप्पा. फ्लॅट नंबरसकट."